शाळेत मूल काही सांगते तेव्हा: ‘आधी आपण शहानिशा करू’ या सवयीबद्दल

वर्धारोड (धागाकर्ता)

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत बालवर्गातील दोन मुलींवर अत्याचार झाल्याचे उघड झाले. त्यानंतर आपल्या नागपुरातल्या शाळांनीही कॅमेरे वाढवले, व्हॅनचालकांची पोलीस पडताळणी करून घेतली, फाटकावर नोंदवही ठेवली. हे सर्व आवश्यकच होते. मात्र बदलापुरात लोक रेल्वे रुळांवर उतरले ते कॅमेरे नव्हते म्हणून नव्हे. मुलींनी घरी सांगितले होते आणि घरच्यांनी त्यांच्यावर विश्वासही ठेवला होता. तरीही गुन्हा नोंदवून घेण्यासाठी पालकांना पोलीस ठाण्यात तासन्‌तास ताटकळत बसावे लागले. मुंबई उच्च न्यायालयाने या प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली, तेव्हा शाळेने पोलिसांना का कळवले नाही, हाही प्रश्न विचारला गेला.

हे आज लिहिण्याचे कारण आमच्या भागातील एका शाळेत घडलेला प्रकार आहे. शाळेचे नाव मी देणार नाही आणि कोणी ओळखले तरी कृपया येथे लिहू नये, कारण त्यावरून मुलीची ओळख पटू शकते. शाळेत साफसफाईचे काम करणाऱ्या मावशींच्या लक्षात आले की, पहिलीतली एक मुलगी मधल्या सुट्टीत एकटी स्वच्छतागृहाकडे जात नाही आणि ठरावीक एक कर्मचारी समोर आला की मावशींचा पदर घट्ट धरून उभी राहते. मावशींनी वर्गशिक्षिकेला सांगितले, वर्गशिक्षिकेने मुख्याध्यापकांना सांगितले, आणि तेथे ‘आधी आपण शहानिशा करू, मग बघू’ असे ठरले. त्या सहा वर्षांच्या मुलीला कार्यालयात बोलावून तीन वेगवेगळ्या मोठ्या माणसांनी एकामागून एक तेच प्रश्न विचारले. तो कर्मचारी त्या वेळी बाहेरच्या व्हरांड्यात उभा होता आणि कार्यालयाचे दार उघडे होते. तिसऱ्या खेपेला ती काहीच बोलली नाही, म्हणून ‘विद्यार्थिनी ठोस काही सांगत नाही’ असा शेरा लिहून विषय मिटवण्यात आला. मावशी ठेकेदारामार्फत कामाला होत्या. पुढच्या महिन्यात त्यांना ‘तिकडे गरज नाही’ एवढेच सांगण्यात आले.

मावशींकडून हे कळले त्याच दिवशी त्यांना सोबत घेऊन पोलिसांना लेखी माहिती दिली आहे आणि तिची प्रत बालकल्याण समितीलाही (संकटातील मुलांच्या काळजी-संरक्षणाचा निर्णय घेणाऱ्या जिल्ह्याच्या समितीलाही) दिली आहे. कार्यवाही सुरू असल्याने त्याविषयी अधिक लिहिणार नाही. मला चर्चा हवी आहे ती त्या ‘शहानिशा’ शब्दामागच्या सवयीवर. कोणी मुलांविषयी काही सांगितले की आपण सांगितलेली गोष्ट बाजूला ठेवतो आणि सांगणाऱ्याचीच परीक्षा घ्यायला बसतो. ती परीक्षा घेण्याचा अधिकार शाळेला किंवा वसतिगृहाला दिला कोणी?

अधिवक्ता_सिव्हिललाइन्स

कोणीही दिलेला नाही. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा, म्हणजे पॉक्सो, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. त्याच्या कलम १९ नुसार असा गुन्हा झाल्याचे ज्या कोणाला माहीत आहे, किंवा तो होण्याची भीती ज्याला वाटते, त्याने ती माहिती स्थानिक पोलिसांना अथवा विशेष बाल पोलीस पथकाला द्यायची आहे. येथे ‘ज्या कोणाला’ यात मुख्याध्यापक, डॉक्टर, शेजारी, मावशी आणि खुद्द ते मूलही येते. आधी पुरावा जमवा, मग या, असे कायदा कोठेही म्हणत नाही. माहितीला नोंद क्रमांक द्यायचा, ती लिहून घ्यायची, देणाऱ्याला वाचून दाखवायची आणि चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीला व विशेष न्यायालयाला कळवायचे, ही पोलिसांची जबाबदारी आहे.

माहिती न देणाऱ्याला कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो, आणि आपल्या हाताखालच्या माणसाविषयीची माहिती दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद व दंड होऊ शकतो. उलट सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, असे कलम १९ मध्येच म्हटलेले आहे. त्यामुळे ‘उद्या खोटे निघाले तर आपण अडकू’ ही मुख्याध्यापकांची नेहमीची भीती कायद्याने आधीच दूर केलेली आहे. अडकण्याची शक्यता आहे ती गप्प बसण्यात.

आपल्याच विदर्भातले एक प्रकरण या संदर्भात पाहण्यासारखे आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथे शाळेच्या वसतिगृहातील अल्पवयीन आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याचे २०१९ मध्ये समोर आले. मुलींवर उपचार करणाऱ्या एका डॉक्टरवर, माहिती असूनही पोलिसांना न कळवल्याचा आरोप ठेवण्यात आला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याच्यावरील गुन्हा रद्द केला होता. पण २ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि माहिती असताना न कळवणे हा गंभीर गुन्हा आहे, असे बजावले. डॉक्टर दोषी आहे की नाही, हा प्रश्न त्या निकालाने सोडवलेला नाही. परंतु न कळवण्याची बाब किरकोळ समजून सुरुवातीलाच निकालात काढता येणार नाही, एवढे त्याने पक्के केले.

पालक_मानेवाडा

वर्धारोड, आपल्या तळमळीविषयी आदर आहे. तरीही एक शंका मांडतो आणि ती कोणाचा बचाव म्हणून घेऊ नये, ही विनंती. माझे मेहुणे प्राथमिक शिक्षक आहेत. एखाद्या पुरुष शिक्षकावर नुसते बोट दाखवले गेले, तरी गावात आणि नात्यात त्याचे पुढचे आयुष्य पहिल्यासारखे राहत नाही, मग न्यायालय काहीही म्हणो. पोलिसांकडे जाण्यापूर्वी शाळेने दोन शब्द विचारून घेतले, तर त्यात इतके चुकते कुठे?

निवृत्त_शिक्षिका

आपली शंका रास्त आहे आणि ती शिक्षकांच्या खोलीत मी अनेकदा ऐकलेली आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

लहान मूल आपल्यासमोर येऊन ‘माझ्याबाबतीत असे असे घडले’ असे वाक्य बोलत नाही. ते म्हणते, ‘मले त्या काकाच्या गाडीत नाही बसायचं.’ मंगळवारी आणि शुक्रवारीच त्याचे पोट दुखते आणि वेळापत्रक पाहिले की कळते, त्या दोन दिवशी खेळाचा तास असतो. कधी ते भलत्याच मुलीची गोष्ट म्हणून स्वतःची गोष्ट सांगते आणि आपला चेहरा पाहत राहते. आपण दचकलो, रागावलो किंवा ‘खरं बोलतेस ना?’ एवढे जरी म्हणालो, तरी ते तेथेच थांबते आणि नंतर विचारले तर ‘काही नाही मॅडम’ म्हणते. म्हणून मानेवाड्याचे पालक ज्याला ‘दोन शब्द विचारणे’ म्हणतात, त्या दोन शब्दांतच बहुतेक वेळा सगळे बिघडते. आपण सुचवणारे प्रश्न विचारतो, दुसरे कोणी तेच वेगळ्या शब्दांत विचारते, मुलाचे उत्तर बदलते, आणि पुढे बचावपक्षाचे वकील नेमका तोच बदल न्यायालयात दाखवतात. निर्दोष शिक्षकाचेही त्यात भले होत नाही, कारण कार्यालयातल्या अशा चौकशीनंतर खरे काय घडले हे कोणालाच नीट सांगता येत नाही. त्याची सुटका करू शकेल तो स्वच्छ तपास, आणि तो शाळेला करता येत नाही.

मग ऐकणाऱ्याने काय करावे? मूल जेवढे सांगेल तेवढे सांगू द्यावे. ‘तू मला सांगितलेस ते बरे केलेस, यात तुझी काही चूक नाही’ एवढे बोलावे. ‘कोणालाच सांगणार नाही’ असे वचन कधीही देऊ नये, कारण ते आपल्याला मोडावेच लागणार असते आणि आपण ते मोडले की त्या मुलाचा दुसऱ्यांदा विश्वासघात होतो. त्यानंतर मुलाचेच शब्द, त्याच्याच बोलीत, दिनांक व वेळ घालून लिहून ठेवावेत. ‘गैरवर्तन झाल्याचे सांगितले’ असे आपले सभ्य मराठी त्यात घालू नये. मूल ‘शूची जागा’ म्हणाले असेल, तर तेच लिहावे.

तक्रारपेटीविषयीही सांगते. शासनाने २०१७ मध्ये प्रत्येक शाळेत तक्रारपेटी ठेवण्याचा आदेश काढला आणि २०२२ पासून मुलांच्या सुरक्षिततेसाठीच्या सखी सावित्री समित्याही आल्या. मी पाहिलेल्या एका शाळेत ती पेटी मुख्याध्यापकांच्या दारासमोर, लिपिकाच्या टेबलाच्या अगदी वर टांगलेली होती आणि तिची किल्ली त्याच लिपिकाच्या खणात असे. तिच्यात चिठ्ठी टाकायला कोणते मूल जाईल? समितीच्या सदस्यांची नावे फलकावर सुंदर अक्षरांत लिहिलेली होती, पण त्यातल्या एकाही सदस्याचा चेहरा पाचवीच्या मुलींना माहीत नव्हता.

पालक_मानेवाडा

‘स्वच्छ तपास शिक्षकाच्याही हिताचा’ हा मुद्दा मला पटला. माझ्या मेहुण्यांनाही हे वाचायला देतो.

अधिवक्ता_सिव्हिललाइन्स

थोडी भर घालतो. दुष्ट हेतूने खोटी तक्रार करणाऱ्या प्रौढाला कलम २२ खाली शिक्षा होऊ शकते. मुलाला मात्र होत नाही. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा ते म्हणेल त्या ठिकाणी, शक्यतो उपनिरीक्षक वा त्यावरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. रात्री मुलाला पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. आरोपी मुलाच्या नजरेस पडू नये, ही काळजी जबाब घेतानाही घ्यायची आणि साक्षीच्या वेळीही. मूळ धाग्यातील शाळेने नेमके याच्या उलट केलेले दिसते.

बालरोगतज्ज्ञ_धंतोली

डॉक्टरांच्या बाजूने लिहितो. अत्याचारग्रस्त मुलावर प्रथमोपचार आणि उपचार विनामूल्य व तत्काळ करणे हे सरकारी आणि खासगी, दोन्ही रुग्णालयांवर बंधनकारक आहे. ‘आधी एफआयआर आणा’ असे सांगून परत पाठवणे बेकायदेशीर आहे, आणि आपल्या शहरात मेडिकल, मेयो आणि डागा ही तीन सरकारी रुग्णालये असताना तर असे कोणीही घडू देऊ नये. पालकांनी एवढे पाहावे की, मुलाला आंघोळ घालू नये आणि कपडे धुऊ नयेत. ते कागदी पिशवीत ठेवून सोबत आणावेत.

मात्र सक्तीच्या माहितीची एक अडचण आमच्या दवाखान्यात रोज जाणवते आणि ती दडवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. सोळा-सतरा वर्षांची मुलगी स्वतःच्या मर्जीच्या संबंधातून गरोदर राहते आणि पोलिसांच्या भीतीने डॉक्टरकडेच येत नाही. ती मग कोठे जाते, हे सांगायला नको. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात यातून थोडी वाट काढली: अशा मुलीचा गर्भपात करणाऱ्या डॉक्टरने पोलिसांना माहिती द्यायची, पण मुलीने व पालकांनी विनंती केल्यास तिची ओळख उघड करायची गरज नाही. मला हा मार्ग योग्य वाटतो. मुलांचे ऐकायचे म्हटले, तर त्यांची भीतीही ऐकून घ्यावी लागते, आणि सहा वर्षांच्या मुलीसाठी केलेला नियम सतरा वर्षांच्या मुलीला जसाच्या तसा लावला की ती दुरावते.

रामटेककर

मी काही वर्षे आश्रमशाळांमध्ये काम केले आहे. शहरातले मूल संध्याकाळी घरी जाते, आईच्या कुशीत शिरते, काही ना काही बोलते. आश्रमशाळेतले मूल दिवाळीला आणि उन्हाळ्यातच घरी जाते. त्याने सांगायचे ठरवले तरी अधीक्षकाला सांगायचे, आणि बहुतेक वेळा ज्याच्याविषयी सांगायचे तो अधीक्षकाच्या शेजारच्या खोलीतच राहतो. त्यात भाषेची भिंत असते. मेळघाटातून आलेली मुलगी कोरकू बोलते, भामरागडची माडिया बोलते, आणि समोरचा माणूस तिला मराठीत विचारतो. तिच्या मराठीत ‘मारले’ आणि ‘हात लावला’ यांत फरक करण्याइतके शब्द नसतात आणि तिचे अडखळणे खोटेपणाचे लक्षण ठरते. पॉक्सोच्या कलम २६ मध्ये जबाब नोंदवताना दुभाषा घेण्याची सोय आहे, अपंग मुलांसाठी विशेष शिक्षक घेण्याचीही आहे. या सोयी कागदावरून उतरवायच्या, तर जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षाकडे गोंडी, माडिया, कोरकू जाणणाऱ्या विश्वासू स्त्रियांची यादी आधीच तयार असली पाहिजे. घटना घडल्यावर शोधाशोध केली, तर दुभाषा म्हणून शाळेचाच शिपाई बसवला जातो.

तपासण्यांविषयीही एक गोष्ट. बिहारमधील मुझफ्फरपूरच्या बालिकागृहाची सरकारी तपासणी होत नव्हती, असे नाही. अधिकारी येत, नोंदवह्या पाहत, सह्या करून जात. तेथील अत्याचार बाहेर आले ते २०१८ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पथकाने केलेल्या सामाजिक लेखापरीक्षणामुळे, कारण त्या पथकाने मुलींशी बोलण्याला तपासणीचा भाग मानले. २०२० मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने मुख्य आरोपीला जन्मठेप दिली. धान्याचा साठा मोजून वसतिगृह तपासले जात असेल, तर मुलांना काय सोसावे लागते ते कधीच कळणार नाही.

एक_वाचक

मी चाळिशी ओलांडलेला पुरुष आहे आणि हे प्रथमच लिहितो आहे. शाळेत असताना एका क्रीडा प्रशिक्षकाने माझ्याशी जे केले, ते मी तेव्हाच घरातल्या एका वडीलधाऱ्यांना सांगितले होते. ते म्हणाले, ‘मुलाच्या जातीला असं काही होत नसतं, पुन्हा हे तोंडातून काढू नकोस.’ मी काढले नाही. त्या प्रशिक्षकापेक्षा ते वाक्य मला जास्त आठवते. येथे सर्वजण मुलींविषयी लिहीत आहेत, त्यात गैर काही नाही, परंतु मुलग्यांनाही यात धरावे, एवढीच विनंती.

वर्धारोड

आपण लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. आपले म्हणणे अगदी खरे आहे. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये तेरा राज्यांतील मुलांवरील अत्याचारांच्या अभ्यासाचा अहवाल प्रसिद्ध केला होता. त्यात निम्म्याहून अधिक, ५३ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारच्या लैंगिक छळाला सामोरे गेल्याचे सांगितले होते आणि त्यांत मुलगे मुलींपेक्षा थोडे अधिकच होते. पॉक्सो कायदाही मुलगा-मुलगी असा भेद करत नाही. भेद आपण घरात करतो.

इतक्या वर्षांनी बोलणारे तुम्ही एकटे नाही. ऑस्ट्रेलियाच्या शाही आयोगाने २०१३ ते २०१७ या काळात संस्थांमधील बाल लैंगिक अत्याचारांची चौकशी केली, आठ हजारांहून अधिक लोकांना खासगीत भेटून त्यांचे ऐकून घेतले. त्या लोकांना पहिल्यांदा कोणाला तरी सांगायला सरासरी जवळजवळ चोवीस वर्षे लागली होती. २०२५ च्या जानेवारीत आपल्याच शहरात एका समुपदेशकाला अटक झाली. विद्यार्थिनींचे अनेक वर्षे शोषण केल्याचा त्याच्यावर आरोप आहे आणि तो प्रकारही एक माजी विद्यार्थिनी मोठेपणी पुढे आली तेव्हाच बाहेर आला. आरोप सिद्ध व्हायचे आहेत, म्हणून त्यावर अधिक बोलत नाही. परंतु ‘इतकी वर्षे का गप्प होतीस’ हा प्रश्न तिला विचारणारे लोक मी स्वतः ऐकले आणि मला अतिशय वाईट वाटले.

अधिवक्ता_सिव्हिललाइन्स

एक_वाचक यांच्यासाठी: तीन वर्षांहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांना तक्रारीची मुदत नसते. आपली घटना २०१२ पूर्वीची असल्यास पॉक्सो लागणार नाही, त्या वेळची भारतीय दंड संहिता लागेल. तक्रार करायची की नाही, हा निर्णय सर्वस्वी आपला आहे. ती व्यक्ती आजही मुलांना शिकवत असेल, तर मात्र तेवढा विचार जरूर करावा. वकिलाची गरज वाटल्यास व्यक्तिगत संदेश पाठवा; शुल्काचा प्रश्न येणार नाही.

वैनगंगा

मूळ धाग्यातील मावशींचे पुढे काय झाले, हे कोणीच विचारले नाही. सर्वांत आधी त्यांच्या लक्षात आले, त्या बोलल्या आणि काम त्यांचेच गेले. इंग्लंडमधील रॉदरहॅम शहरात सोळा वर्षांच्या काळात अंदाजे १,४०० मुलांचे शोषण झाल्याचे २०१४ च्या चौकशी अहवालाने सांगितले. त्याच अहवालात असेही होते की, मुलांमध्ये काम करणाऱ्या खालच्या स्तरावरील लोकांनी कितीतरी आधी धोक्याची सूचना दिली होती आणि २००२ मधला एक संशोधन अहवाल तर दडपण्यात आला होता. वरच्यांना कळत नव्हते, असे कोठेच नसते. सांगणारी बाई आया असते, मदतनीस असते, शिकाऊ शिक्षिका असते, आणि तिच्या शब्दाला त्या इमारतीत किंमत नसते. आपण पालकांनी तिच्यासाठी काय करायचे?

अधिवक्ता_सिव्हिललाइन्स

कायद्याचे उत्तर अपुरे आहे, ते तसेच सांगतो. जागल्यांच्या, म्हणजे गैरप्रकार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणाचा केंद्रीय कायदा २०१४ मध्ये संमत झाला, पण तो अमलात आलेला नाही, आणि आला असता तरी तो सार्वजनिक सेवकांविषयीच्या तक्रारींपुरताच आहे. मान्यताप्राप्त खासगी शाळेतील शिक्षिकेला कामावरून काढले, तर १९७७ च्या महाराष्ट्र खासगी शाळा कर्मचारी अधिनियमाखाली तीस दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. ठेकेदाराच्या मावशींसाठी ही वाट जवळजवळ बंद आहे. त्यांना खरा आधार मिळतो तो त्यांनी दिलेली माहिती लेखी स्वरूपात, पोच घेऊन, त्यांच्या नावाने नोंदली गेली असेल तरच. तशी नोंद असेल, तर नंतरच्या बदलीचा किंवा काढून टाकण्याचा तिच्याशी संबंध जोडून दाखवता येतो.

वर्धारोड

मावशींच्या माहितीची पोच आमच्याकडे आहे. त्यांना सध्या आमच्या सोसायटीत तीन घरी काम मिळाले आहे, पण त्यांना शाळेतलेच काम परत हवे आहे, ‘तिथं लेकरं हायेत’ असे त्या म्हणतात. पुढच्या पालकसभेसाठी आम्ही काही जणांनी मिळून शाळेला पत्र लिहिले आहे. मुलांविषयी माहिती देणाऱ्या कोणत्याही कर्मचाऱ्याला, मग तो ठेक्यावरचा का असेना, कारण लेखी दिल्याशिवाय आणि पालक-शिक्षक संघासमोर ठेवल्याशिवाय हलवू नये, ही त्यातली पहिली मागणी आहे. ठेकेदाराशी होणाऱ्या करारातच ही अट घालावी, असे सुचवले आहे. कार्यालयात मुलांची चौकशी न करता थेट पोलिसांना कळवण्याची लेखी कार्यपद्धती ही दुसरी. तक्रारपेटी कार्यालयाजवळ न ठेवता मुलींच्या जिन्याजवळ लावावी, हे निवृत्त शिक्षिकाताईंचा प्रतिसाद वाचून काल रात्री जोडले. पत्रावर आतापर्यंत आलेल्या सह्यांत मानेवाड्याच्या पालकांचीही एक आहे. आपापल्या शाळेसाठी मसुदा हवा असल्यास येथे सांगावे, मी टंकलिखित प्रत पाठवते.